समुद्रावर इंजिन बंद पडलं तर लहान विमानातल्यांनी काय करायचं

बेळगावजवळच्या सांबऱ्यात फ्लाइंग स्कूल आल्यापासनं मुतगा, बाळेकुंद्री, होन्निहाळच्या शेतांवरनं लहान विमानं घरघरत जातात, आणि आता आपल्या खानापूर, निपाणी, चिकोडीकडची पोरं-पोरी पण पायलट व्हायचं म्हणायला लागलीत, म्हणून हे लिहितोय. बेळगावातनं गोव्याचा किनारा सरळ रेषेत जेमतेम 80-90 किलोमीटर, चोर्ला घाट मागं पडला की थोड्या वेळात खाली पाणीच. इंजिन गेलं तर शेत बघायचं हे डोक्यात पक्कं असतंय, पाण्याचा विचार फारसा कोण करत नाय. विमान नीट टेकवलं तर आपटण्यापेक्षा मोठा धोका असतोय तो आतनं बाहेर न पडता येण्याचा, आणि त्याची तयारी हवेत असतानाच करायला लागते. तुमच्या विमानाचं हँडबुक आणि तुमचे इन्स्ट्रक्टर सांगतील ते आधी, हे त्याच्या जोडीला.

लाइफ जॅकेट टेकऑफच्या आधीच अंगात घाला. सीटखाली ठेवलेलं जॅकेट ऐनवेळी त्या एवढ्याशा केबिनमध्ये बेल्ट बांधून घालता येत नाय. पण आत असताना फुगवायचं नाय म्हणजे नाय! 1996 ला इथिओपियन एअरलाइन्सचं हायजॅक केलेलं विमान इंधन संपून कोमोरोसजवळ समुद्रात पडलं, तेव्हा बऱ्याच जणांनी आतच जॅकेट फुगवली आणि पाणी भरल्यावर ती वर छताला लागली, खाली बुडी मारून दारातनं निघता येईना. बाहेर पडल्यावरच दोरी ओढायची, घरच्यांना फिरवायला नेत असाल तर त्यांच्याकडनं हे दोनदा वदवून घ्या.

इंजिन गेलं की पहिलं काम स्पीड. शिकायच्या सेस्ना 172 विमानाला साधारण 65-68 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर), त्याहून लहान 152 ला 60. या स्पीडला 172 हजार फुटामागं साधारण दीड नॉटिकल मैल (पावणेतीन किलोमीटर) तरंगत जातंय, म्हणजे वारा नसेल तर 3,000 फुटावरनं आठेक किलोमीटर. सांबऱ्याची धावपट्टीच समुद्रसपाटीपासनं सुमारे 2,500 फूट उंच, तिथं शिकलेल्याला अल्टिमीटरमधनं, म्हणजे उंची दाखवणाऱ्या काट्यातनं, तेवढे वजा करायची सवय असते, समुद्रावर मात्र काट्यावर दिसते तीच तुमची खरी उंची. किनारा गाठणार असेल तर तिकडंच वळा, नसेल तर मासेमारीची बोट शोधा, तिच्या जवळ पण वाट सोडून उतरायचं. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात, त्या दिवसांत बोटी कमीच दिसणार हे लक्षात ठेवा.

मग इंजिन परत चालू होतंय का बघायचं. फ्युएल सिलेक्टर (कुठल्या टाकीतनं इंधन घ्यायचं ते), मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण), पंप, मॅग्नेटो (ठिणगी देणारा), आणि कार्ब्युरेटर असेल तर त्यात गरम हवा सोडणारी कार्ब हीट, कारण दमट हवेत गरमीत सुद्धा कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतोय. रेडिओवर ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलत होता तिथंच तीनदा मेडे (जिवावर बेतल्याची हाक), उत्तर नाय आलं तर 121.5 ही संकटाची फ्रिक्वेन्सी, आणि रडारला आपली ओळख देणाऱ्या ट्रान्सपाँडरवर 7700 हा संकटाचा कोड. कुठं आहे, किती उंचीवर आहे, किती माणसं आहेत एवढं सांगा आणि लवकर सांगा, खाली गेल्यावर रेडिओ पोचत नाय.

आता पाणी वाचायचं. मोठ्या संथ लाटांच्या ओळी दिसतात ना, त्यांना आडवं जायचं नाय, त्यांच्या बरोबरीनं समांतर उतरायचं, शक्यतो माथ्यावर किंवा मागच्या उतारावर. पुढनं येणाऱ्या लाटेत नाक घुसलं तर विमान जागच्या जागी थांबतंय. वारा फारच जोराचा असेल तर थोडं वाऱ्याकडं तोंड ठेवून मधला मार्ग काढायला लागतो. पाणी आरशासारखं शांत असेल तर फसू नका, तेव्हा उंचीचा अंदाजच येत नाय. विहिरीत उडी चुकून पोटावर पडलेल्याला पाणी किती कडक लागतंय ते विचारायला नको, त्यामुळं स्पीड जमेल तितका कमी पण स्टॉल न करता (म्हणजे पंखांची उचल जाऊन विमान पडू न देता), पंख सरळ. 172S च्या हँडबुकमध्ये पॉवर नसताना फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली येणाऱ्या पट्ट्या) वर असतील तर 70 नॉट, 10 डिग्री फ्लॅप असतील तर 65 नॉट असं दिलंय. चाकं आत घेता येत असतील तर आतच ठेवा.

टेकायच्या आधी दारं अनलॅच करा. फ्रेम वाकली की दार अडकतंय, म्हणून फटीत चप्पल-बूट काहीतरी कोंबून ठेवा. सुट्या वस्तू मागं टाका, चष्मा काढा, बेल्ट घट्ट, तोंडासमोर घडी केलेला कोट किंवा उशी. एकापेक्षा जास्त धक्के बसणार, पहिल्या धक्क्याला बेल्ट सोडायचा नाय.

चाकं बाहेर असलेलं विमान उलटं पण होतंय, मग वर कुठलं खाली कुठलं कळत नाय, बुडबुडे जातात ती वरची बाजू. म्हणून एक हात आधीपासनं दाराच्या कडीवर किंवा फ्रेमवर ठेवायचा, तो सोडायचाच नाय. विमान थांबलं, दार उघडलं, मग दुसऱ्या हातानं बेल्ट. हाच क्रम. आधी बेल्ट सोडला तर आत तरंगत फिरशील आणि दार हाताला लागणार नाय. बाहेरच्या पाण्याच्या दाबानं दार उघडत नसेल तर खिडकी, नायतर आत पाणी भरेपर्यंत थांबून दाब सारखा झाला की ढकल. हे पोरांनो विमान जमिनीवर उभं असताना डोळे बांधून करून बघा, दहा वेळा करा, विहिरीत पोहायला येतंय म्हणून हे येतंय असं समजू नका.

बाहेर आलात की जॅकेट फुगवा, राफ्ट (फुगवायचा तराफा) असेल तर तो बाहेर आणा, सगळे एकमेकाला धरून राहा. किनारा दिसतोय म्हणून पोहत सुटू नका, तो दिसतोय त्यापेक्षा लांब असतोय. आपला समुद्र गरम, थंडीनं लगेच काय होत नाय, पण ऊन आणि तहान माणसाला खाते, तरी समुद्राचं पाणी प्यायचं नाय. पीएलबी (जवळ बाळगायचा संकटाचा सिग्नल देणारा यंत्र) असेल तर चालू करून अँटेना पाण्याच्या वर धरा, विमानात बसवलेला तसाच ईएलटी बुडाला की त्याचा भरवसा नाय. किनाऱ्यावरच्या कुणी विमान पडताना बघितलं तर कोस्ट गार्डचा नंबर 1554. हेलिकॉप्टर आलं की वरनं सोडलेल्या दोरीला ती पाण्याला टेकेपर्यंत हात लावू नका, तिच्यात करंट साठलेला असतोय.