सदोष भागांविषयीचा उड्डाणयोग्यता आदेश कसा वाचावा

प्रवासी विमानातील एखादा भाग सदोष निघाला की बातम्यांमध्ये किती विमाने जमिनीवर उभी राहिली याचीच चर्चा होते. परंतु त्या दोषाचे पुढे काय करायचे, कोणी करायचे आणि कधीपर्यंत करायचे, हे ठरते विमान सुरक्षा नियामकाने काढलेल्या आदेशाने. त्याला उड्डाणयोग्यता आदेश म्हणता येईल. हँगरमध्ये मात्र सगळे जण त्याला ‘एडी’ म्हणतात. अमेरिकेच्या एफएए आणि युरोपीय संघाच्या ईएएसए या नियामकांचे असे सर्व आदेश त्यांच्या संकेतस्थळांवर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. त्यांची भाषा रुक्ष असते, पण रचना ठरलेली असते. विमान देखभालीचे शिक्षण घेणारा विद्यार्थी, विमान वाहतुकीवर लिहिणारा वार्ताहर किंवा चौकस प्रवासी यांपैकी कोणीही थोड्या सरावाने तो नीट वाचू शकतो. वाचताना सर्वाधिक वेळ मुदतीच्या परिच्छेदावर द्यावा, असे माझे ठाम मत आहे, कारण दोष कळल्यापासून तो प्रत्यक्ष दूर होईपर्यंतच्या काळातच माणसांचे जीव गेले आहेत.

हातातला कागद नेमका कोणता आहे?

सर्वप्रथम, समोरचा कागद खरोखर आदेश आहे की उत्पादकाचे सर्व्हिस बुलेटिन आहे, हे पाहावे. विमान किंवा इंजिन बनवणारी कंपनी एखादी तपासणी किंवा बदल सुचवते, तेव्हा ती सर्व्हिस बुलेटिन काढते. त्यावर ‘तातडीचे’ असे लिहिलेले असले तरी केवळ तेवढ्याने ते कायद्याने बंधनकारक होत नाही. नियामक त्याच मजकुराचा हवाला देऊन आदेश काढतो, तेव्हा मात्र ते काम न करता विमान उडवणे हा नियमभंग ठरतो, आणि अमेरिकी नियमांनुसार असे प्रत्येक उड्डाण हा स्वतंत्र नियमभंग असतो.

या फरकाची किंमत १९७४ साली मोजावी लागली. जून १९७२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या एका डीसी-१० विमानाचा मालकक्षाचा दरवाजा कॅनडातील विंडसर शहरावरून जाताना उडून गेला. वैमानिकांच्या कौशल्यामुळे विमान सुखरूप उतरले. त्यानंतर एफएएने बंधनकारक आदेश काढायला हवा होता. प्रत्यक्षात नियामक आणि उत्पादक यांच्या वरिष्ठांमध्ये तोंडी समझोता झाला आणि दुरुस्ती सर्व्हिस बुलेटिनवर सोडण्यात आली. ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळ टर्किश एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाचा तोच दरवाजा उघडला आणि विमानातील सर्व ३४६ जण मरण पावले. त्या विमानाच्या कारखान्यातील नोंदींमध्ये दरवाजातील बदल पूर्ण झाल्याचे लिहिलेले होते. प्रत्यक्षात तो झालेला नव्हता.

आदेश कोणी काढला, यालाही अर्थ असतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीविषयीच्या शिकागो करारानुसार आणि त्याच्या आठव्या परिशिष्टानुसार, विमानाचा आराखडा ज्या देशाने मंजूर केला त्याच्या नियामकाने दोषाची माहिती इतर देशांना द्यायची असते, आणि विमान जिथे नोंदलेले आहे त्या देशाने ती स्वीकारून किंवा तपासून योग्य ती कृती करायची असते. म्हणून बोइंगच्या विमानासाठी आधी एफएएकडे, एअरबससाठी ईएएसएकडे आणि एम्ब्राएरसाठी ब्राझीलच्या नियामकाकडे पाहावे, आणि त्यानंतर विमानाच्या नोंदणीच्या देशाने काही अधिक कठोर अट घातली आहे का, ते पाहावे.

क्रमांक, तारीख आणि लागू होण्याची कक्षा

एफएएच्या आदेशाच्या क्रमांकात तीन भाग असतात. २०२४-०२-५१ या क्रमांकातील पहिला भाग वर्षाचा, दुसरा त्या वर्षातील पंधरवड्याचा आणि तिसरा अनुक्रमाचा आहे. अनुक्रम ५१ किंवा त्यापुढचा असेल तर आदेश तातडीचा म्हणून निघाला आहे, असे समजावे. ईएएसएच्या क्रमांकात वर्ष आणि चार अंकी अनुक्रम असतो, आणि तातडीच्या आदेशाच्या शेवटी ‘ई’ हे अक्षर जोडलेले असते. यासोबतच हा आदेश कोणत्या जुन्या आदेशाची जागा घेतो आणि याची जागा पुढे एखाद्या नव्या आदेशाने घेतली आहे का, या दोन्ही गोष्टी तपासल्याखेरीज पुढे वाचू नये. रद्द झालेल्या आदेशावर विसंबून काढलेला निष्कर्ष कितीही काळजीपूर्वक काढला तरी निरुपयोगी असतो.

लागू होण्याची कक्षा वाचताना विमानाचे केवळ नाव पाहून थांबू नये. ६ जानेवारी २०२४ चा वर उल्लेखिलेला आदेश बोइंग ७३७-९ विमानांपैकी ज्यांच्या मधल्या दरवाजाच्या जागी बंद झाकण बसवले आहे, केवळ त्यांनाच लागू होता. आदल्या दिवशी अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचे असे झाकण हवेत निखळले होते आणि ते जागेवर धरून ठेवणारे चार बोल्टच बसवलेले नव्हते, असे पुढे तपासात दिसून आले. जगभरातील सुमारे १७१ विमाने या कक्षेत आली. त्याच प्रकारची पण त्या जागी वापरता येणारा दरवाजा असलेली विमाने आली नाहीत.

कक्षा कधी विमानाच्या अनुक्रमांकावर ठरते, कधी भागाच्या क्रमांकावर, तर कधी संगणकाच्या सॉफ्टवेअर आवृत्तीवर. इंजिनाबाबत विशेष सावध राहावे. इंजिन एका विमानावरून काढून दुसऱ्यावर बसवले जाते आणि त्याच्यासोबत त्याचे आदेशही जातात. म्हणून केवळ विमानाच्या नावाने शोधलेली यादी अपुरी ठरते. विमान, इंजिन आणि स्वतंत्रपणे बसवलेली उपकरणे असे तीन शोध वेगवेगळे घ्यावेत.

कक्षा अरुंद ठेवल्याने काय होते, याचे उदाहरण २८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचे छत हवेत फाटले त्या घटनेत आहे. उत्पादकाच्या बुलेटिनमध्ये कवचाच्या सर्व जोडांची तपासणी सुचवली होती, परंतु एफएएच्या आदेशाने त्यांपैकी वरच्या काही जोडांचीच सक्ती केली होती, आणि अपघाताच्या तपासात यावर टीका झाली. आदेश ज्या बुलेटिनचा हवाला देतो, ते मिळत असेल तर दोन्ही शेजारी ठेवून वाचावे आणि आदेशाने काय वगळले आहे ते टिपून घ्यावे.

आदेश काय करायला सांगतो?

यानंतर कृतीचा परिच्छेद वाचावा आणि स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या कृतीने दोष दूर होतो की केवळ त्याच्यावर नजर ठेवली जाते? तपासणी, ठरावीक अंतराने पुन्हा तपासणी, भाग बदलणे, वैमानिकांच्या पुस्तिकेत बदल करणे आणि उड्डाणबंदी या सर्व कृती एकाच साच्याच्या कागदावर येतात, पण त्यांचे वजन सारखे नसते. पुनःपुन्हा तपासणी सांगणाऱ्या आदेशात, ती कायमची संपवणारी कृती कोणती, हेही बहुधा दिलेले असते. नसेल, तर आदेश हंगामी असल्याचा उल्लेख आहे का, ते पाहावे.

लायन एअरचे ७३७ मॅक्स २९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोसळून १८९ जण मरण पावले, त्यानंतर ७ नोव्हेंबरला एफएएने २०१८-२३-५१ हा तातडीचा आदेश काढला. त्यात तीन दिवसांत वैमानिकांच्या पुस्तिकेत बदल करण्यास सांगितले होते. एकही भाग किंवा सॉफ्टवेअर बदलण्यास सांगितले नव्हते. ज्या प्रणालीमुळे विमानाचे नाक पुनःपुन्हा खाली जात होते, तिचे नावही त्या आदेशात नव्हते. आदेशातच तो हंगामी असल्याचे म्हटले होते. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचे दुसरे मॅक्स कोसळले आणि आणखी १५७ जीव गेले. हंगामी आदेश वाचून निश्चिंत होऊ नये, हे या दोन तारखांकडे पाहून कोणालाही पटावे.

मुदत: सर्वांत काळजीने वाचायचा परिच्छेद

मुदत तीन मापांत दिली जाते: उड्डाणाचे तास, उड्डाणांची आवर्तने आणि दिनदर्शिकेतील दिवस किंवा महिने. एक उड्डाण आणि एक अवतरण मिळून एक आवर्तन होते. हवेचा दाब झेलणारे कवच, लँडिंग गिअर आणि इंजिनाची पाती यांचा थकवा प्रामुख्याने आवर्तनांनी वाढतो, तर गंज विमान उभे असतानाही वाढतो. म्हणून कोणते माप निवडले आहे, यावरून नियामकाने दोषाचे कारण काय मानले आहे, हेही कळते.

आवर्तनांतील मुदत दिवसांत बदलून पाहावी. समजा, आदेशाने १,५०० आवर्तनांची मुदत दिली आहे. रोज सहा उड्डाणे करणारे विमान ती २५० दिवसांत गाठते, तर रोज दोनच उड्डाणे करणाऱ्या विमानाला ७५० दिवस लागतात. एकाच आदेशाखाली एका विमानाची दुरुस्ती याच वर्षी होईल आणि दुसऱ्याची दोन वर्षे होणार नाही, आणि दोन्ही विमान कंपन्या नियमांनुसारच वागत असतील.

‘यांपैकी जे आधी घडेल’ आणि ‘यांपैकी जे नंतर घडेल’ हे शब्द बोट ठेवून वाचावेत. ‘एकूण ३०,००० आवर्तने पूर्ण होण्यापूर्वी किंवा आदेश लागू झाल्यापासून ५०० आवर्तनांत, यांपैकी जे नंतर घडेल’ अशी रचना आढळली, तर त्याचा अर्थ असा की आधीच मर्यादा ओलांडलेल्या विमानांनाही ५०० आवर्तनांची सवलत मिळाली आहे. सर्वांत जुने, म्हणजेच सर्वाधिक धोक्यातले भाग त्या सवलतीत येतात. मुदत लागू होण्याच्या तारखेपासून मोजायची की आदेश हाती पडल्यापासून, हेही पाहावे. तातडीच्या आदेशात बहुधा दुसरी पद्धत असते.

एवढे बारकाईने का पाहायचे, ते बोइंग ७४७ च्या मालदरवाजाच्या इतिहासावरून कळते. १९८७ साली पॅन ॲमच्या एका विमानात तो दरवाजा हवेत किंचित उघडला होता. जुलै १९८८ मध्ये एफएएने कुलपाचे भाग मजबूत करण्याचा आदेश काढला, पण त्यासाठी दीड ते दोन वर्षांची मुदत दिली. २४ फेब्रुवारी १९८९ रोजी, ती मुदत चालू असतानाच, युनायटेड एअरलाइन्सच्या ८११ क्रमांकाच्या उड्डाणात होनोलुलूजवळ दरवाजा उडून गेला आणि नऊ प्रवासी विमानाबाहेर ओढले गेले. दोष माहीत होता, आदेश निघालेला होता आणि विमान कंपनी मुदतीच्या आतच होती.

पर्यायी पद्धत आणि तात्पुरती सूट

आदेशाच्या अखेरीस पर्यायी पद्धतीचा परिच्छेद असतो. विमान कंपनी तितकीच सुरक्षित अशी दुसरी पद्धत सुचवू शकते, पण ती नियामकाच्या लेखी मंजुरीनंतरच वापरता येते. त्यामुळे एखाद्या विमानावर आदेशातील काम शब्दशः झालेले दिसले नाही, तर लगेच आरोप करू नये. आधी अशी मंजुरी आहे का, ते विचारावे.

बंद पडलेले उपकरण घेऊन उडण्याची परवानगी ही यापेक्षा निराळी गोष्ट आहे. किमान उपकरण यादीनुसार काही उपकरणे ठरावीक काळ नादुरुस्त ठेवून उड्डाण करता येते: ‘ब’ गटासाठी ३ दिवस, ‘क’ गटासाठी १० दिवस, ‘ड’ गटासाठी १२० दिवस (दोष आढळला तो दिवस सोडून), तर ‘अ’ गटासाठी त्या त्या नोंदीत लिहिलेली मुदत. विमान कंपनीची यादी नियामकाच्या मूळ यादीपेक्षा कठोर असू शकते, सैल कधीच असू शकत नाही. उड्डाणयोग्यता आदेश आणि ही यादी यांच्यात विरोध आला, तर आदेशच पाळावा लागतो.

भागासोबतचा कागद

सुटा भाग विमानावर बसवण्यापूर्वी त्याच्यासोबतचे प्रमाणपत्र तपासावे लागते. एफएएचे ते ८१३०-३ क्रमांकाचे पत्रक आणि ईएएसएचे पहिल्या क्रमांकाचे पत्रक. भागावर कोरलेला क्रमांक आणि अनुक्रमांक पत्रकाशी अक्षरशः जुळतो का, भाग नवा आहे की दुरुस्त केलेला, आणि शेऱ्यांच्या रकान्यात पाळलेल्या आदेशांचा उल्लेख आहे का, हे पाहावे. शंका आल्यास पत्रक ज्या संस्थेच्या नावे आहे, तिला थेट विचारावे, विक्रेत्याला नव्हे. २०२३ साली सीएफएम५६ इंजिनांचे अनेक भाग बनावट पत्रकांसह विकले गेल्याचे उघडकीस आले, ते अशाच चौकशीमुळे. १९८९ साली पार्टनएअरचे कॉन्व्हेअर विमान समुद्रात कोसळून ५५ जण गेले, त्याच्या शेपटाच्या जोडणीत बनावट बोल्ट सापडले होते. असा भाग आढळल्यास तो परत पाठवू नये. वेगळा कुलपात ठेवावा, छायाचित्रे घ्यावीत आणि नियामकाला कळवावे.

पत्रक खरे असले तरी भाग बरोबर असतोच असे नाही. लायन एअरच्या त्या विमानावर बसवलेला, दुरुस्त होऊन आलेला, समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा कोन मोजणारा संवेदक २१ अंशांनी चुकीचे मोजमाप दाखवत होता, आणि तो बसवल्यानंतरची चाचणी यशस्वी झाल्याची खात्री तपास अधिकाऱ्यांना करता आली नाही. म्हणून पत्रकाबरोबरच बसवणीनंतरच्या चाचणीची नोंदही पाहावी. त्या नोंदीत केवळ ‘समाधानकारक’ असे न लिहिता प्रत्यक्ष आकडे लिहिलेले असावेत.

प्रस्तावित आदेशावर हरकत नोंदवणे

तातडीचा नसलेला आदेश आधी प्रस्ताव म्हणून प्रसिद्ध होतो आणि त्यावर कोणीही हरकत किंवा सूचना पाठवू शकतो. एफएएकडे हा काळ बहुधा ४५ दिवसांचा असतो. विमान कंपन्या आणि उत्पादक तिथे नियमितपणे लिहितात व अनेकदा मुदत वाढवून मागतात. साउथवेस्ट एअरलाइन्सच्या विमानाच्या इंजिनातील पंख्याचे पाते ऑगस्ट २०१६ मध्ये तुटले, एफएएने ऑगस्ट २०१७ मध्ये अल्ट्रासोनिक तपासणीचा प्रस्ताव मांडला, आणि १७ एप्रिल २०१८ रोजी त्याच कंपनीच्या दुसऱ्या विमानाचे पाते तुटून एक प्रवासी मरण पावली, तोपर्यंत एफएएचा अंतिम आदेश निघालेला नव्हता. अपघातानंतर तीनच दिवसांत निघालेल्या तातडीच्या आदेशाने ३०,००० हून अधिक आवर्तने झालेल्या इंजिनांची तपासणी वीस दिवसांत करायला लावली.

हरकत लिहिताना प्रस्तावाचा क्रमांक आणि परिच्छेद नमूद करावा, मुदतीतील कोणता आकडा बदलावा ते स्पष्ट लिहावे आणि त्यामागे तांत्रिक कारण द्यावे. तुमच्या हाताखाली असे भाग तपासले गेले असतील, तर किती आवर्तनांनंतर तडा आढळला आणि तो किती लांबीचा होता, ही माहिती जोडावी. अंतिम आदेश काढताना आलेल्या सूचनांना नियामकाला लेखी उत्तर द्यावे लागते, म्हणून तो प्रसिद्ध झाल्यावर प्रस्तावनेतील तो भाग शोधून वाचावा आणि आपला आकडा स्वीकारला की नाकारला, व कोणत्या कारणाने, ते पाहावे.