दोस्ताला धर्माबद्दल पत्र लिहायचंय? मग हे वाचा

मी दारव्हा तालुक्यातला, घरी शेती, अन् तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना लहानपणापासून कानावर. माझा दोस्त बौद्ध, पहिलीपासून एका बाकावरचा, आता गडचिरोलीतल्या एटापल्लीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे. तिकडं रेंजचं काही खरं नसते म्हणून आमचं पत्रावर सुरू झालं, अन् जे पारावर बसून कधी बोललो नाही ते सगळं पत्रात निघालं. गावातली पोरं विचारून राहिली की धर्मावर लिहिता तर भांडण कसं नाही होत, म्हणून हे लिहितो.

पहिलं म्हणजे व्हॉट्सअपवर हा विषय काढूच नका. निळी टिक दिसली की समोरचा उत्तराची वाट पाहते, आपण घाईत काहीतरी टाइप करतो अन् त्याचा स्क्रीनशॉट चार ग्रुपवर फिरते. पोस्टकार्डही नको, ते उघडं असते, पोस्टापासून घरातल्या आजीपर्यंत सगळे वाचतात. सरळ बंद लिफाफा घ्या. आणि पहिल्या पत्रात धर्माचं काही लिहू नका, फक्त विचारा की बाबा या विषयावर लिहू का, अन् हे पत्र आपल्या दोघांतच राहील का. तो नको म्हणाला तर विषय तिथंच सोडा, राग धरू नका.

प्रश्न कसा विचारायचा यातच सगळं आहे. आमच्याकडं महालक्ष्म्यांचं, म्हणजे गौरींचं, जेवण मोठं असते, पुरण, आंबील, कढी, सोळा भाज्या, अख्खं गाव जेवून जाते. हा कधीच येत नव्हता, दरवर्षी शाळेचं काम सांगायचा, अन् माझी आई मनातून दुखायची. मी पहिल्यांदा कागदावर लिहिलं होतं, "तुम्ही लोक आमच्या देवाचं काऊन खात नाही?" सकाळी वाचलं तर माझं मलाच कसंतरी झालं, ते फाडलं. मग लिहिलं की तू येत नाही तेव्हा आईला वाईट वाटते, यामागं काय आहे ते मला खरंच समजून घ्यायचंय. म्हणून सांगतो, "तुम्ही लोक" हे शब्द पत्रातून काढूनच टाका. तुमचा दोस्त एक माणूस आहे, त्यालाच विचारा, साऱ्या समाजाचा जबाब त्याच्याकडून मागू नका. आणि रात्री लिहिलेलं पत्र रात्रीच चिकटवू नका, सकाळी वाचा मग डिंक लावा.

त्याचं उत्तर आलं की बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत गौरी-गणपतीला देव मानणार नाही ही तिसरी आहे, म्हणून नैवेद्याचं ताट घेता येत नाही, पण तुझ्या आईच्या हातचं जेवण नको असं कधीच नव्हतं. आईनं ते ऐकलं (त्याला विचारूनच वाचून दाखवलं), अन् आता त्याचं ताट नैवेद्य दाखवायच्या आधी वाढून वेगळं ठेवते. तो सुट्टी काढून येतो.

आता माझी चूक सांगतो, कारण चांगल्या मनाचे लोक हीच चूक जास्त करतात. मला वाटलं आता जवळीक झाली, तर लिहून टाकलं की अरे बुद्ध म्हणजे आमच्या विष्णूचा नववा अवतारच, मग तू अन् मी एकच की. दीड महिना पत्र नाही. मला वाटलं तिकडं नदीला पूर आला असंल, डाक अडकली असंल. मग वहीच्या रेघी पानावर उत्तर आलं. त्यात पाचवी प्रतिज्ञा त्यानं हातानं लिहून पाठवली होती, बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही हे सांगणारी, अन् खाली लिहिलं होतं की माझा आजा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षाभूमीवर हेच सोडायला गेला होता, तू मला एका ओळीत परत तिथंच नेऊन बसवलं.

मी एकच म्हणून राहिलो होतो, अन् त्याला ते पुसून टाकल्यासारखं लागलं. तेव्हापासून "शेवटी सगळे धर्म एकच" हे वाक्य मी पत्रात लिहित नाही. फरक असंल तर असू द्यायचा, नीट समजून घ्यायचा. अन् उत्तर देताना आधी त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत एकदा लिहायचं, "तू असं म्हणाला, बरोबर समजलो ना?" अन् मग आपलं.

गांधीजी १८९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत होते, ख्रिस्ती दोस्त त्यांना आपल्या धर्माकडं ओढत होते, तेव्हा त्यांनी मुंबईच्या रायचंदभाईंना, जे जैन होते, पत्रातून २७ प्रश्न विचारले. देव काय, आत्मा काय, मोक्ष काय, अन् साप चावायला आला तर चावू द्यावं का मारावं हेसुद्धा. मला हा सापाचा प्रश्न लय आवडते, कारण तो कोणाला कोंडीत पकडायला विचारलेला नाही, खरंच पडलेला आहे. तसे प्रश्न लिहा.

सुरुवातीला काय लिहायचं हेही विचारतात. मी त्याला "जय भीम" लिहितो, तो मला आमचं तुकडोजी महाराजांच्या लोकांचं "जय गुरुदेव" लिहितो. कोणी सांगितलं नव्हतं, तसंच होत गेलं.

आणि कधी तुमच्याच घराबद्दल प्रश्न आला तर बचाव करत बसू नका. यंदा त्यानं विचारलं की माझ्या आज्याला तुमच्या विहिरीवर पाणी भरू देत होते का. मला माहीत नव्हतं. बाबांना विचारलं तर ते बराच वेळ खाटेच्या दोरीशी खेळत बसले, मग म्हणाले, नाही, वरून ओतून देत होते. मी तेवढंच लिहिलं, बाबांच्या शब्दांत, "पण तेव्हा जमानाच तसा होता" असं काही जोडलं नाही. दुसऱ्या दिवशी तालुक्याला कापसाची गाडी जात होती, तिच्यासोबत जाऊन पत्र टाकून आलो.