डक्टचा घुमारा घालवताना मॉडेलवर किती विसंबावं

जळगावच्या एमआयडीसीतल्या दालमिलमध्ये मी इलेक्ट्रिकचं सगळं पाहतो. डक्टमधून (पत्र्याच्या हवावाहिनीतून) धूळ ओढणारा ब्लोअर मिनिटाला १४४० फेऱ्या घेतो, पाती ६. म्हणजे सेकंदाला २४ फेऱ्या आणि १४४ हर्ट्झचा घुमारा. या स्वराची लहर जवळजवळ अडीच मीटर लांब, फोमला ती दाद देत नाही. मागच्या वस्तीतल्या आजी दारात येऊन म्हणाल्या, "हाऊ भोंगा बंद कर ना भो." त्यांची झोप उडत होती, म्हणून डक्टमध्ये उलटी लहर सोडणारा स्पीकर बसवायचं ठरवलं. डक्ट दीड फुटी चौकोनी. त्यात साधारण ३७५ हर्ट्झच्या खाली लहर सरळच जाते, त्यामुळे एक स्पीकर पुरतो.

संदर्भासाठी, म्हणजे कोणता स्वर खोडायचा हे यंत्रणेला कळवायला, माइक लावू नका. स्पीकरचाच आवाज त्यात परत शिरतो. शाफ्टवर टॅकोमीटर (फेऱ्या मोजणारं यंत्र) लावा आणि त्यावरून १४४ हर्ट्झची साइन आणि कोसाइन, म्हणजे पाव फेरीने सरकलेल्या दोन लहरी, तयार करा. लोड पडून मोटर थोडी मंदावली तरी संदर्भ तिच्याबरोबर सरकतो. आता कोणती लहर किती सोडायची हे ठरवणारी दोनच वजनं (आकडे) शिकवायची.

१९६० साली विड्रो आणि हॉफ यांनी मांडलेली एलएमएस रीत, म्हणजे उरलेली चूक पाहून वजनं थोडी थोडी बदलत जाणं, इथे जशीच्या तशी चालत नाही, कारण स्पीकरपासून एरर माइकपर्यंत (उरलेला घुमारा ऐकणाऱ्या माइकपर्यंत) पोचायला आवाजाला वेळ लागतो. तो मार्ग मोजून (ही मोजणी म्हणजेच मॉडेल) लहर जितकी मागे पडते तितक्याच कोनाने संदर्भाला फिरवावं लागतं; पूर्ण लहर म्हणजे ३६० अंश. यालाच फिल्टर्ड-एक्स एलएमएस म्हणतात.

माझी चूक इथेच झाली. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशात मार्ग मोजला, स्पीकर ते माइक अंतर ८ मीटर. मे महिन्यात दुपारी पारा ४४ वर गेला आणि घुमारा कमी व्हायच्या ऐवजी वाढत चालला. हवा तापली की आवाज वेगाने जातो: १२ अंशांना सेकंदाला सुमारे ३३८ मीटर, ४४ ला ३५७. एवढ्या फरकाने ८ मीटरमध्ये कोन ६० अंशांच्या वर सरकतो. कोनाची चूक ९० अंशांच्या आत असेल तर वजनं हळूहळू का होईना योग्य दिशेने जातात. ९० ओलांडले की प्रत्येक पाऊल उलटं पडतं. उरलेली कसर तापलेल्या स्पीकरने आणि माइकच्या जाळीवर बसलेल्या तूरडाळीच्या धुळीने भरून काढली.

म्हणून पहिलं काम, माइक जवळ आणा. मी तो दीड मीटरवर आणला, तर त्याच तापमानफरकाने कोन जेमतेम १२ अंश हलतो. मोजणी एकदा पहाटे, एकदा भर दुपारी करा आणि मधला कोन घ्या.

दुसरं, पाऊल (दर वेळी वजनं किती बदलायची ते) लहान ठेवा आणि वजनांना किंचित गळती द्या. दर वेळी ०.९९९९ ने गुणलं तरी पुरे. थोडा आवाज उरतो, पण वजनं बेफाम वाढत नाहीत.

तिसरं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. एरर माइकची पातळी दोन सेकंद सतत वाढत असेल तर वजनं शून्य करा, मॉडेलचा कोन ९० अंशांनी फिरवा आणि पुन्हा सुरू करा. एकाच स्वराचं काम असेल तर ०, ९०, १८०, २७० या चारपैकी एक कोन खऱ्या कोनापासून ४५ अंशांच्या आत असतोच. मोजलेलं मॉडेल पार फसलं तरी यंत्रणा सावरते.

बसवून झाल्यावर मॉडेलचा कोन मुद्दाम ६० अंशांनी बिघडवा आणि पाहत राहा. घुमारा तरीही हळूहळू उतरत गेला, तर मेच्या दुपारीही यंत्रणा चालेल.