मनाजोगती नसलेली ऑफर: हो म्हणण्याआधी या चुका टाळा

वाळूजच्या कारखान्यातून किंवा पुण्याच्या ऑफिसातून ऑफर आली की बीड-लातूरकडच्या घरात पहिला प्रश्न ठरलेला: "पॅकेज किती?" पहिली चूक इथंच होते, कारण पॅकेजचा आकडा आणि खात्यावर पडणारा पगार वेगळे असतात.

३ लाखांचं पॅकेज घ्या. महिन्याचे २५,००० होतात. बेसिक, म्हणजे मूळ पगार, निम्मा १२,५०० धरला, तर पीएफचे १२ टक्के कंपनीचे १,५०० आणि तुमचेही १,५००. पुष्कळ कंपन्या दोन्ही त्याच पॅकेजात मोजतात. ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे) ६०० च्या आसपास, वर २०० रुपये व्यवसाय कर (महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो नाही). हातात येतात साधारण २१,२००. पॅकेजात वर्षाअखेरचा बोनस धरला असेल तर त्याहून कमी. पीएफ तुमचाच पैसा आहे, पण त्यातून खोलीभाडं देता येत नाही. म्हणून पुण्यातली कॉट बेसिसची जागा, मेस आणि गावी येण्याजाण्याचा खर्च वजा करून पाहा. संभाजीनगरातल्या घरून जवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात कंपनीच्या बसनं जाणारा कमी पगारातही जास्त शिल्लक टाकू शकतो.

दुसरी चूक मला जास्त महाग वाटते: आपण कोणाच्या रोलवर आहोत हे न विचारणं. गेटवर पाटी मोठ्या कंपनीची, पण पगार देणारा ठेकेदार, असं एमआयडीसीत सर्रास चालतं. अप्रेंटिस म्हणून घेतलं तर मिळतो तो स्टायपेंड, आणि त्यावर पीएफ कापला जात नाही. यात फसवणूकच असते असं नाही. आयटीआय-डिप्लोमावाल्याला मोठ्या प्लांटमधलं वर्षभराचं काम पुढं उपयोगी पडतं. पण ते कळून घ्यावं. नियुक्तिपत्रावर कोणाचं नाव आहे ते वाचा, आणि "वर्षानं परमनंट करू" म्हणत असतील तर मागच्या बॅचमधले किती झाले ते आत काम करणाऱ्यालाच विचारा.

मूळ मार्कशीट ठेवून घेणाऱ्या किंवा रुजू होण्यासाठी पैसे मागणाऱ्या ठिकाणी विचारसुद्धा करू नका. बॉण्ड असेल तर किती वर्षं आणि मोडला तर किती भरायचे, हे सहीआधी वाचा. नोटीस पीरियडही, म्हणजे राजीनाम्यानंतर किती दिवस थांबावं लागतं तेही, पाहा. ९० दिवसांचा असेल तर पुढची चांगली संधी थांबेलच असं नाही.

एमपीएससी करणाऱ्यांचा गोंधळ वेगळाच. "तात्पुरती करतो" म्हणून फिरत्या शिफ्टची नोकरी धरायची आणि अभ्यासिकेची फीही भरत राहायची, यात दोन्ही बुडतात. पगार थोडा कमी चालेल, पण शिफ्ट एकच मागा.

"हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नको," असं काका-मामा म्हणतील. घर सोयाबीनच्या भावावर चालत असेल तर त्यांचं बरोबरही आहे. पगार चालू झाला की पुढची नोकरी निवांत शोधता येते. मात्र हातची नोकरी असेल तर फोनवरच्या होकारावर राजीनामा टाकू नका, ऑफर लेटर येऊ द्या.

आणि थेट नकार देण्याआधी दोन दिवसांची मुदत मागून घासाघीस करा. आकडा हलला नाही तरी रुजू होण्याची तारीख, बस, शिफ्ट यावर बऱ्याचदा जमतं. "सहा महिन्यांनी पगार बघू" म्हणाले तर तेवढं वाक्य मेलवर घ्या; एचआर बदलला की तोंडी शब्द त्याच्याबरोबर जातो.