सीएफडीची पहिली केस: उत्तर ठाऊक असलेली घ्या

सीएफडी (संगणकावर द्रव-वायूंचा प्रवाह गणिताने काढणं) शिकायला लागलेले बहुतेक जण थेट गाडीभोवतीची हवा नाहीतर पंपातलं पाणी घेऊन बसतात. सोल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) चालतो, रंगीत चित्र येतं, आणि ते बरोबर आहे का, हे कुणालाच सांगता येत नाही. सोल्व्हर चुकीच्या प्रश्नाचंही उत्तर तितक्याच सुबकपणे देतो. म्हणून पहिली केस अशी निवडा, जिचं उत्तर आधीच पक्कं आहे.

अशी एक उत्तम केस १९९६ मध्ये शेफर आणि टुरेक यांनी मांडली: चॅनेलमधल्या सिलिंडरभोवतीचा लॅमिनार (थराथराने, शांत वाहणारा) प्रवाह. वेगवेगळ्या गटांच्या कोडची तुलना करता यावी, हाच तिचा उद्देश होता. टर्ब्युलन्सची (खळबळत्या प्रवाहाची) भानगड नाही, साधा लॅपटॉप पुरतो, आणि चूक झाली की ती थेट आकड्यात दिसते. इथे ती ओपनफोममध्ये कशी करायची ते पाहू. पायऱ्या इतर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये याच.

आधी कागदावर सगळं लिहून काढा. चॅनेल २.२ मीटर लांब, ०.४१ मीटर उंच. सिलिंडरचा व्यास ०.१ मीटर, केंद्र डाव्या टोकापासून (इनलेट, जिथून प्रवाह आत येतो) आणि तळापासून ०.२ मीटरवर. म्हणजे सिलिंडरखाली ०.१५ मीटर जागा उरते आणि वर ०.१६. हा एक सेंटीमीटरचा फरक मुद्दाम ठेवला आहे. त्याच्यामुळेच स्थिर प्रवाहातही किंचित लिफ्ट (प्रवाहाला आडवा, वर-खाली लागणारा जोर) मिळते. केंद्र बरोबर मध्यावर गेलं, तर लिफ्ट शून्य येईल आणि तपासायचा एक आकडा हातचा जाईल. घनता १, कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (चिकटपणा ÷ घनता) ०.००१ चौरस मीटर प्रति सेकंद. इनलेटला वेग पॅराबोलासारखा: भिंतींपाशी शून्य, मध्यावर ०.३ मीटर प्रति सेकंद. अशा पॅराबोलाचा सरासरी वेग कमाल वेगाच्या दोन तृतीयांश, म्हणजे ०.२. त्यावरून रेनॉल्ड्स अंक (वेग × व्यास ÷ व्हिस्कॉसिटी) ०.२ × ०.१ ÷ ०.००१ = २०.

आता मेश, म्हणजे प्रवाहाच्या जागेचे केलेले छोटे तुकडे (सेल). जीमेश या मेश बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये द्विमितीय मेश करून ती झेड दिशेला ०.०१ मीटर, एकाच थरात एक्स्ट्रूड करा (ओढून जाडी द्या), कारण ओपनफोमला द्विमितीय केससुद्धा एका सेलच्या जाडीची लागते. एक्स्ट्रूड करताना ‘रिकम्बाइन’ लिहायला विसरू नका, नाहीतर थराचे चतुष्फलक होतात आणि द्विमितीय केस तिथेच संपते. फाइल २.२ फॉरमॅटमध्ये साठवा; नवा ४.१ फॉरमॅट ओपनफोमच्या बऱ्याच आवृत्त्यांना वाचता येत नाही. ही फाइल ओपनफोममध्ये आणणारा जीमेशटूफोम चालवल्यावर सगळे पृष्ठभाग ‘पॅच’ या प्रकारचे होऊन येतात. ‘पॉलीमेश’ फोल्डरमधली ‘बाउंडरी’ फाइल उघडा, पुढच्या-मागच्या पृष्ठभागांचा प्रकार ‘एम्प्टी’ करा, भिंती आणि सिलिंडरचा ‘वॉल’ करा. सोल्व्हर सुरू होताच पॅचच्या प्रकाराबद्दल तक्रार करून थांबला, तर दहापैकी नऊ वेळा हेच राहिलेलं असतं.

पहिल्या मेशमध्ये सिलिंडरच्या परिघावर ४० सेल ठेवा. तो परिघ आणि सिलिंडरमागचा पट्टा इथे मेश बारीक हवी. आउटलेटकडे मोठे सेल चालतात, पण शेजारच्या दोन सेलच्या आकारात एकदम उडी नको. मग मेशची तपासणी करणारा चेकमेश चालवा. नॉन-ऑर्थोगोनॅलिटी (शेजारच्या सेलची केंद्रं जोडणारी रेषा मधल्या पृष्ठाच्या लंबापासून किती कलते) ७० अंशांच्या आणि स्क्यूनेस (सेलचा वाकडेपणा) ४ च्या खाली असायला हवी. वर गेली तर सोल्व्हरच्या सेटिंगशी झटापट करण्याआधी मेश सुधारा. खराब मेशवर काढलेला वेळ सहसा वायाच जातो.

बाउंडरी कंडिशनचं सूत्र साधं: जिथे वेग पक्का दिला, तिथे दाब मोकळा सोडायचा, आणि उलटही तसंच. इनलेटला वेग पॅराबोलाचा, दाबाला झिरोग्रेडियंट (सीमेवर बदलाचा दर शून्य). आउटलेटला दाब ० आणि वेगाला झिरोग्रेडियंट. भिंतींवर आणि सिलिंडरवर नोस्लिप (वेग शून्य). पॅराबोला ‘कोडेडफिक्स्डव्हॅल्यू’ वापरून लिहा: ४ × ०.३ × वाय × (०.४१ − वाय) ÷ ०.४१². इनलेटमधून आत येणारा प्रवाह ०.२ × ०.४१ × ०.०१ = ०.०००८२ घनमीटर प्रति सेकंद असला पाहिजे. हा आकडा पहिल्याच रनमध्ये तपासा. जुळला नाही, तर सूत्रात किंवा वायच्या शून्यस्थानात चूक आहे.

सोल्व्हर सिंपलफोम, टर्ब्युलन्स मॉडेल लॅमिनार. रिलॅक्सेशन (प्रत्येक इटरेशनला नव्या उत्तराचा किती भाग घ्यायचा) दाबासाठी ०.३, वेगासाठी ०.७. कन्व्हेक्शनसाठी (प्रवाहाबरोबर वाहून जाण्याच्या भागासाठी) लिनिअरअपविंड घ्या. साधा अपविंड फार पटकन कन्व्हर्ज होतो (उत्तरावर स्थिरावतो) आणि म्हणूनच मोहात पाडतो. पण तो पहिल्या ऑर्डरचा आहे (सेल निम्मे केले तर चूक फक्त निम्मी होते), त्याच्या चुकीचा परिणाम जास्तीच्या व्हिस्कॉसिटीसारखा होतो आणि सिलिंडरमागची रचना पुसट होते. रन फुटत असेल, तर सुरुवातीला अपविंडवर स्थिरावून मग बदला, पण अंतिम आकडा त्याच्यावरचा नको.

रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली तफावत) दहाच्या उणे सहाव्या घातापर्यंत उतरू द्या, पण तेवढ्यावर विसंबू नका. ‘फोर्सकोएफ्स’ लावून ड्रॅग कोएफिशंट (प्रवाहाच्या दिशेने लागणाऱ्या जोराचा एककरहित आकडा) प्रत्येक इटरेशनला लिहून घ्या. तो चौथ्या दशांश स्थळापर्यंत हलायचा थांबला, की रन झाला. संदर्भवेग ०.२ आणि संदर्भक्षेत्रफळ व्यास गुणिले जाडी, म्हणजे ०.००१ द्या.

अपेक्षित उत्तरं अशी: ड्रॅग कोएफिशंट ५.५७ ते ५.५९, लिफ्ट कोएफिशंट ०.०१०४ ते ०.०११०, आणि सिलिंडरच्या पुढच्या व मागच्या टोकांमधला दाबाचा फरक ०.११७२ ते ०.११७६. ड्रॅग २.४८ च्या आसपास आला, तर संदर्भवेग ०.२ ऐवजी ०.३ दिला गेला आहे. ०.०५६ आला, तर क्षेत्रफळ लिहिताना जाडी एक मीटर धरली आहे. दोन्ही वेळा प्रवाह बरोबर असतो, चूक फक्त भागाकारात असते. दाबाबद्दल एक गोष्ट: सिंपलफोममधला दाब घनतेने भागलेला असतो. इथे घनता १ असल्याने फरक पडत नाही, पण पाण्याच्या केसमध्ये १००० ने गुणायला विसरलात तर निकाल पार चुकेल.

एका मेशवरचं उत्तर म्हणजे उत्तर नव्हे. परिघावर ४०, मग ८०, मग १६० सेल घ्या आणि बाकीची मेशही त्याच प्रमाणात बारीक करा. समजा ड्रॅग अनुक्रमे ५.४००, ५.५३५ आणि ५.५६९ आला. फरक ०.१३५ आणि ०.०३४, दुसरा पहिल्याच्या सुमारे चौथा भाग. सेलचा आकार निम्मा केल्यावर फरक चौपट घटला, म्हणजे स्कीम दुसऱ्या ऑर्डरनेच वागते आहे. मग शेवटच्या उत्तरात ०.०३४ चा तिसरा भाग मिळवा: सुमारे ५.५८. हेच रिचर्डसन एक्स्ट्रापोलेशन. फरक चौपटीऐवजी जेमतेम दुपटीने घटत असेल, तर कुठेतरी पहिल्या ऑर्डरची स्कीम राहिली आहे. आकडे वर-खाली उड्या मारत असतील, तर पहिली मेश फार जाड आहे.

हे जमलं की इनलेटचा कमाल वेग १.५ करा. सरासरी १, रेनॉल्ड्स अंक १००, आणि सिलिंडरमागे आलटूनपालटून भोवरे सुटू लागतात. आता स्थिर उत्तर नाही, त्यामुळे सिंपलफोम सोडून पिंपलफोम घ्या आणि संदर्भवेग १ करायला विसरू नका. स्ट्राउहाल अंक (सेकंदाची आवर्तनं × व्यास ÷ वेग) ०.२९५ ते ०.३०५ यायला हवा. म्हणजे सेकंदाला साधारण तीन आवर्तनं. १६० सेलच्या मेशवर परिघावरचा सेल सुमारे २ मिलिमीटरचा, त्यात वेग २ मीटर प्रति सेकंदापर्यंत गेला, तर कूराँ अंक (वेग × टाइमस्टेप ÷ सेलचा आकार) १ च्या खाली ठेवायला टाइमस्टेप ०.००१ सेकंदापेक्षा लहान हवा. वेळेसाठी ‘ऑयलर’ स्कीम टाळून ‘बॅकवर्ड’ वापरा, कारण ऑयलर भोवऱ्यांचा जोर खाऊन टाकते. सुरुवातीची आवर्तनं सोडून द्या; लिफ्टच्या लाटांची उंची स्थिर झाल्यावरच मोजा. कमाल ड्रॅग ३.२२ ते ३.२४ आणि कमाल लिफ्ट ०.९९ ते १.०१. ड्रॅग जुळतो पण लिफ्ट कमी येते, असं झालं तर आधी टाइमस्टेप निम्मा करून पाहा, मग मेशकडे वळा.