सर्व्हरवर रोज लागणारे छोटे स्निपेट (कमांडचे तुकडे): एका जागी ठेवा, बघून चालवा

लातूर, नांदेड, परभणीकडं एकच माणूस वेबसाईट पण बघतो, सर्व्हर पण बघतो आणि मोंढ्यातल्या अडत दुकानाचं बिलिंग पण तोच सांभाळतो, अशी पोरं लै आहेत, त्यांच्यासाठीच हे लिहायलोय. तीच तीच कमांड दरवेळी गुगलवर शोधत बसू नका. एक फोल्डर करा, एका कामाला एक छोटी फाईल, सगळं गिटमध्ये (फाईलीतला प्रत्येक बदल जपून ठेवणारं टूल). फाईलीत वरच मराठीत कॉमेंट टाका की हे कशासाठी आहे आणि चालवल्यावर काय बदलणार. पासवर्ड मात्र त्यात अजिबात नको, तो वेगळ्या फाईलीत, आणि त्या फाईलीला सीएचमॉड ६००, म्हणजे मालकाशिवाय दुसऱ्या युजरला ती वाचता येत नाही.

पहिला स्निपेट लाईटसाठी. एसएसएचवरून (लांबून सर्व्हरवर लॉगिन करून) मोठं काम चालू आहे आणि लाईट गेली, राउटर बंद पडला, की कनेक्शन तुटतं आणि चालू कमांड पण बहुतेक मधेच मरते. म्हणून लॉगिन केल्या केल्या टीमक्स न्यू, डॅश एस आणि सेशनचं नाव. काम त्याच्या आत लावा. लाईट आली की टीमक्स अटॅच, डॅश टी आणि तेच नाव, काम चालूच दिसेल. फाईल ने-आण करायला पण एससीपीपेक्षा आरसिंक बरं, डॅश एव्ही आणि पी कॅपिटल. त्या पीमुळं अर्धी आलेली फाईल टिकते आणि परत तीच कमांड मारली की आलेला भाग पुन्हा ओढावा लागत नाही. सोर्स फोल्डरच्या शेवटी स्लॅश दिला तर फक्त आतलं सामान जातं, नाही दिला तर फोल्डरसकट जातं, हे कॉमेंटमध्ये लिहूनच ठेवा.

डिस्क भरली तर आधी डीएफ डॅश एच (कोणती डिस्क किती भरलीय ते), मग भरलेल्या फोल्डरात डीयू डॅश एसएच स्टार (कशात किती सामान आहे ते), आणि पाईप करून सॉर्ट डॅश एच, सगळ्यात जड फोल्डर खाली येतं. कधीकधी डीयू म्हणतं एवढंच सामान आहे आणि डीएफ म्हणतं डिस्क फुल, मग समजायचं की कुणीतरी लॉग फाईल डिलीट केलीय पण प्रोग्रामनं ती अजून उघडी धरलीय, त्यामुळं जागा सुटत नाही. एलएसओएफ पुढं प्लस एल १ (एल कॅपिटल) दिलं की तो प्रोग्राम सापडतो, ती सर्व्हिस रिस्टार्ट करा, जागा लगेच मोकळी. आणि जागा शिल्लक असून पण फाईल बनत नसेल तर डीएफ डॅश आय बघा, बारीक बारीक फाईलींनी आयनोड (दर फाईलीला एक लागणारी नोंद) संपलेले असतात.

जुने बॅकअप काढायला फाईंड, डॅश एमटाईम प्लस ७ (आठ किंवा जास्त दिवस जुन्या फाईली). इथं घाई करू नका राव. आधी शेवटी डॅश प्रिंट लावून यादी डोळ्यानं बघायची आणि मगच प्रिंटच्या जागी डिलीट. डॅश डिलीट कायम शेवटीच, ते अटींच्या आधी आलं तर अटी बघायच्या आधीच फोल्डरातलं सगळं उडवतं.

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारं) वेळेचा घोळ होतो. क्लाउड सर्व्हर बहुतेक यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात, आपण साडेपाच तास पुढं, म्हणजे आपल्या सोमवारी पहाटे २ वाजता बॅकअप पाहिजे तर रविवारी २०:३० लिहायचं, वार पण मागं जातो. क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं, तारखेच्या फॉरमॅटमध्ये येतंच, तर त्याच्या आधी बॅकस्लॅश द्या, नाहीतर क्रॉन तिथंच नवी ओळ धरतं आणि कमांड अर्धीच चालते. काम लांबत असेल तर कमांडच्या आधी एफलॉक डॅश एन लावा, पहिलं संपेपर्यंत दुसरं सुरू होत नाही.

आता मराठी डेटा, आपल्याकडं खरा त्रास इथंच आहे. शेतकऱ्यांची यादी पायथनमधून सीएसव्ही करून दिली आणि दुकानदारानं एक्सेलमध्ये डबल क्लिक केलं की नावांच्या जागी कचरा दिसतो. फाईल लिहिताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्या, नावं नीट दिसतात. अशी फाईल वाचताना पण तेच एन्कोडिंग द्या, नाहीतर पहिल्या कॉलमच्या नावाला एक न दिसणारं अक्षर चिकटतं आणि कॉलम समोर असून कीएरर (कॉलम सापडला नाही) येतो.

शोधताना दुसरी अडचण. गोऱ्हे, कऱ्हाडे असली आडनावं घ्या. त्यातला अर्धा र कुणाच्या कीबोर्डवरून ०९३१ (हे अक्षराचे युनिकोडमधले नंबर) आणि हलंत ०९४डी असा येतो, कुणाकडून ०९३० आणि नुक्ता ०९३सी मग हलंत, तर कुणाकडून ०९३०, हलंत आणि न दिसणारा जोडक २००डी. स्क्रीनवर तिन्ही सारखेच, पण पायथन त्यांना तीन वेगळी माणसं समजतं आणि एकाच शेतकऱ्याची तीन खाती उघडतात. एक छोटं फंक्शन करा: आधी युनिकोडडेटाचं नॉर्मलाईझ, एनएफसी (तुटक अक्षरं जोडून एक करणारा प्रकार) देऊन, त्यानं नुक्त्यावाला सुधारतो. जोडकवाला मात्र एनएफसीनं बदलत नाही, त्यासाठी वेगळा रिप्लेस लागतो, ०९३०-०९४डी-२००डी च्या जागी ०९३१-०९४डी. शेवटी स्प्लिट करून एका स्पेसनं जॉईन, म्हणजे जास्तीच्या जागा पण जातात.

आकड्यांचं मात्र पायथनमध्ये सोपं आहे, '४५' थेट इंटमध्ये टाकलं तरी पंचेचाळीसच मिळतं. जावास्क्रिप्टमधला नंबर तसं करत नाही, एनएएन (म्हणजे आकडा नाही) देतो, म्हणून फॉर्ममध्ये कुणी मराठी आकडे टाकत असेल तर आधी ० ते ९ इंग्रजी आकड्यांत बदलून घ्या.

वरचं नावं एकसारखी करणारं फंक्शन सेव्ह करताना आणि शोधताना दोन्हीकडं लावा. जुन्या टेबलवर चालवायच्या आधी मायएसक्यूएलडम्प (डेटाबेसचा बॅकअप) घ्या, टेबल इनोडीबी प्रकारचं असेल तर सिंगल ट्रान्झॅक्शनचा पर्याय देऊन, म्हणजे दुकानातलं बिलिंग पण थांबत नाही. मग एकसारखी झालेली नावं आपोआप मर्ज न करता यादी काढून दुकानदाराला दाखवा, कारण एका गावात एकाच नावाची दोन खरी माणसं पण असतात.