कॅरॅव्हॅनचा इन्शुरन्स स्वस्तात काढताय? मग या चुका टाळा

कॅरॅव्हॅन, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय केलेली गाडी, बनवताना माणूस बेडच्या फोमपासून सिंकच्या नळापर्यंत एकेक गोष्ट चार दुकानं फिरून घेतो, आणि इन्शुरन्सची वेळ आली की एजंटला व्हॉट्सॲपवर आरसीचा फोटो टाकून "सगळ्यात कमी कितीत बसतंय बघा" एवढंच विचारतो. घोळ तिथंच होतो. कमी प्रीमियम मागण्यात काहीच गैर नाही, गाडीवर आधीच भरपूर पैसा गेलेला असतो, पण प्रीमियम कुठं कमी करायचा आणि कुठं अजिबात हात लावायचा नाही हे माहीत पाहिजे. माझं मत सरळ आहे. आरसी, पॉलिसी आणि दारात उभी असलेली गाडी या तिन्हीत एकच माहिती असेल तर साधी पॉलिसीसुद्धा क्लेमच्या वेळी उपयोगी पडते, आणि नसेल तर भारीतली पॉलिसी पण तुम्हाला वाचवणार नाही.

"ट्रॅव्हलरचीच पॉलिसी काढू, आतलं कोण बघतंय"

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सातारा-सांगलीकडं सर्रास होते. कारण आपल्याकडं कंपनीनं बनवलेली तयार कॅरॅव्हॅन घेणारे कमीच. बहुतेकजण जुनी ट्रॅव्हलर, विंगर नाहीतर इको घेतात आणि ओळखीच्या बॉडीवाल्याकडनं आत घर करून घेतात. सीटा काढल्या, बेड टाकला, शेगडी बसवली, पाण्याची टाकी, वर सोलर, खाली दुसरी बॅटरी आणि इन्व्हर्टर. आता गाडीत चौघं झोपतात पण आरसीवर अजून १३ सीटाच लिहिल्यात आणि पॉलिसी पण त्याच आरसीवरनं निघालीय.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत आपल्या मनानं असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला एकेका बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मोटर कॅरॅव्हॅनसाठी आपल्या देशात वेगळं स्टँडर्ड आहे, एआयएस १२४, आणि त्याप्रमाणे गाड्या तपासून सर्टिफिकेट देणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच आहे. आरटीओच्या वाहन पोर्टलवर कॅम्पर व्हॅन आणि मोटर कॅरॅव्हॅन असे वेगळे क्लास पण आहेत. म्हणून बॉडीवाल्याला ॲडव्हान्स द्यायच्या आधी पहिला प्रश्न हा विचारा की तुझ्या या डिझाइनला मंजुरी आहे का, आणि काम झाल्यावर आरसीवर नोंद कोण करून देणार. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा माणूस शोधा, भले थोडा महाग पडू दे.

इन्शुरन्सशी याचा संबंध कसा येतो ते बघा. प्रपोजल फॉर्मवर गाडीत बदल केलेत का असा प्रश्न असतो, एजंट घाईघाईत "नाही" टिक करतो, तुम्ही ओटीपी सांगता, झालं काम. पुढं इन्व्हर्टरच्या वायरिंगमधनं आग लागली की सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, येतो. तो चेसिस नंबर जुळवतो, आरसीवरची सीट कपॅसिटी बघतो, मग दार उघडून आत वाकून बघतो, समोर सीटांच्या जागी जळालेला प्लायवूड आणि वितळलेली बॅटरी. आता आग लागली तीच नेमकी तुम्ही न सांगितलेल्या वस्तूतनं. माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं, आणि तेव्हा एजंट फोन उचलत नाही असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे.

आयडीव्ही गाडीची धरली, घराची राहिली

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण जळाली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम. नवीन गाडीची किंमत घेऊन त्यातनं वयाप्रमाणे घसारा काढतात, म्हणजे एक ते दोन वर्षांची असेल तर २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०, आणि पाच वर्षांच्या वर गेली की तुम्ही आणि कंपनी मिळून रक्कम ठरवता. आता या हिशोबात तुमचा बेड, फ्रिज, सोलर काहीच नाही, कारण कंपनीच्या कॉम्प्युटरला फक्त मूळ मॉडेल माहीत असतं.

समजा गाडीची आयडीव्ही ६ लाख निघाली आणि आतल्या कामाला ५ लाख गेले. गाडी गेली तर ६ लाखच येणार, वरचे ५ तुमच्या खिशातनं. हे टाळायचं तर फिटिंगची यादी देऊन त्याची किंमत पॉलिसीवर वेगळी दाखवून घ्यायची. इलेक्ट्रिकल वस्तूंसाठी टॅरिफमधला, म्हणजे मोटर विम्याच्या ठरलेल्या दरपत्रकातला, जुना दर किमतीच्या ४ टक्के आहे, म्हणजे २ लाखांच्या सोलर-बॅटरी-फ्रिजला वर्षाला ८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ९,४४०. जास्त वाटतंय हे मला मान्य आहे, पण मग यादीतल्या छोट्या वस्तू सोडा आणि बॅटरी, इन्व्हर्टर, सोलर, फ्रिज एवढं तरी नक्की दाखवा. बेड, कपाट, ओटा हे नॉन-इलेक्ट्रिकलमध्ये येतं, ते पण सांगावं लागतं.

आणि बिलं पक्की घ्या. वहीच्या कागदावर "फर्निचर काम टोटल ३ लाख" असं लिहून दिलेली चिठ्ठी क्लेमच्या वेळी कुणी धरत नाही. जीएसटीचं बिल घेतलं की थोडे पैसे जास्त जातात म्हणून लोक टाळतात, पण किंमत सिद्ध करायला हाताशी दुसरं काहीच नसतं.

अजून एक, प्रीमियम खाली आणायला काहीजण आयडीव्हीच कमी करून घेतात. ऑनलाइन साइटवर ती पट्टी सरकवता येते ना, तीच. हजार-दीड हजार वाचतात आणि गाडीची किंमत लाखानं पडते. असं करू नका.

कासच्या सीझनला गाडी भाड्यानं देणं

ऑगस्ट-सप्टेंबर आला की कास पठारावर गर्दी होते, बामणोली-तापोळ्याकडं मुक्काम करायला पुण्या-मुंबईची माणसं येतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, दादा तुमची गाडी दोन दिवस द्या की, डिझेल आमचं आणि वर पाच हजार. पांढऱ्या नंबर प्लेटची प्रायव्हेट पॉलिसी असेल तर त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की भाडं किंवा मोबदला घेऊन गाडी वापरायची नाही. मित्राला दिली, नातेवाइकाला दिली, पैसे घेतले नाहीत, चालकाकडं योग्य लायसन्स आहे, तर अडचण नाही. पण गूगल पे वर पाच हजार आलेले दिसतात, आणि ॲक्सिडेंट झाल्यावर मागं बसलेली माणसंच पोलिसांना सांगतात की आम्ही गाडी भाड्यानं घेतलीय.

अशा केसमध्ये सगळंच बुडतं असंही नाही, सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये एका निकालात म्हटलंय की वापराची अट मोडली तरी नुकसानीचा क्लेम पूर्ण न नाकारता ७५ टक्क्यांपर्यंत देता येतो, पण त्यासाठी ग्राहक आयोगात किती हेलपाटे मारावे लागतील याचा विचार करा. खरोखर धंदाच करायचा असेल तर परमिट आणि कमर्शियल पॉलिसी घेऊनच करा, राज्य सरकारचं २०२१ चं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण पण आहे, त्यात नोंदणी करून रीतसर उतरा.

पुराच्या पाण्यात चावी फिरवणं

सांगलीकरांना हे वेगळं सांगायची गरज नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि २०२१ च्या जुलैमध्ये परत पूर आला. कॅरॅव्हॅन बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये मावत नाही म्हणून लोक ती मोकळ्या प्लॉटवर लावतात, आणि नदीकाठच्या भागात मोकळा प्लॉट बऱ्याचदा सखल जागेतच असतो.

कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान पण धरणाऱ्या पॉलिसीत, पूर, वादळ, दरड कोसळणं हे सगळं धरलेलं असतं, म्हणजे पसरणी घाटात उभ्या गाडीवर दरड आली तरी कव्हर आहे. नुसत्या थर्ड पार्टीत, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरत्या पॉलिसीत, यातलं काहीही नाही. पण कॉम्प्रिहेन्सिव्ह असूनही लोक अडकतात ते इंजिनवर. पाणी उतरलं की पहिली गोष्ट काय करतात तर चावी फिरवून बघतात चालू होतीय का. इंजिनमध्ये पाणी असताना सेल मारला की ते पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन बसतं, आणि कंपनी म्हणते हे नुकसान पुरानं नाही तर तुम्ही चालू केल्यामुळं झालं. इंजिन प्रोटेक्ट हे ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायचं कव्हर, नसेल तर त्याचा खर्च तुमच्यावर. म्हणून पाण्यात राहिलेली गाडी अजिबात चालू करायची नाही. आतल्या इन्व्हर्टरला आणि ओल्या वायरींना हात न लावता बाहेरनं फोटो काढा, पाण्याची खूण किती उंचीवर आहे ते दिसेल असे, कंपनीला कळवा आणि टोइंग करून गॅरेजला न्या. गॅरेजवाल्याला पण सांगा की सर्व्हेअर येईपर्यंत काही उघडू नको. सांगली, मिरज, पलूस, वाळव्याच्या नदीकाठच्या गावांत राहणाऱ्यांनी दुसरं कुठलं ॲड-ऑन सोडलं तरी चालेल, इंजिन प्रोटेक्ट सोडू नका.

"गाडी वर्षभर उभीच असते" म्हणून फक्त थर्ड पार्टी

उभ्या गाडीला पण आग लागते आणि चोरी तर उभ्या गाडीचीच होते. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांत सारखाच, त्यामुळं तिथं घासाघीस करून काही मिळत नाही. फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, आणि पैसे वाचवायची जागा पण तीच.

कमी चालणाऱ्या गाडीसाठी किलोमीटरवर प्रीमियम ठरणारं ॲड-ऑन २०२२ पासून आलंय, कॅरॅव्हॅन वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरच चालत असेल तर ते तुमच्या क्लासच्या गाडीला मिळतं का हे आवर्जून विचारा. व्हॉलंटरी डिडक्टिबल घ्या, म्हणजे पहिले पाच-सात हजार मी भरतो असं लिहून द्यायचं, प्रीमियम उतरतो, छोट्या खरचट्याला तसाही क्लेम करू नये कारण एका क्लेमनं नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, शून्यावर येतो आणि पाच वर्षं क्लेम न करता तोच ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. पॉलिसी संपून ९० दिवस झाले तरी बोनस जातो, ती तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा. चोरीविरोधी लॉक एआरएआय मान्य असेल तर त्याची थोडी सूट मिळते.

झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये पार्टचा घसारा न कापणारं ॲड-ऑन, मात्र गाडी नवी असेपर्यंत घ्याच. त्याशिवाय प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के आणि फायबरवर ३० टक्के कापतात, आणि कॅरॅव्हॅनमध्ये फायबर आणि प्लास्टिक साध्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त असतं.

आत ठेवलेला लॅपटॉप, कॅमेरा, कपडे हे मोटर पॉलिसीत येत नाही, त्याला वेगळं कव्हर लागतं. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर आधीच दुसऱ्या गाडीवर असेल तर परत घेऊ नका, तेवढीच बचत.

जुनी गाडी घेतली आणि पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर ठेवली

गाडी नावावर झाली की १४ दिवसांत पॉलिसी ट्रान्सफरसाठी अर्ज करायचा. थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडं येते पण ओन डॅमेज येत नाही, आणि साताऱ्यात घेतलेली एमएच ११ ची गाडी सांगलीला आणून सहा महिने बॉडीवाल्याकडं उभी असते तेव्हा नेमकं हेच राहून जातं. जुन्या मालकाचा बोनस पण तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा असतो.

क्लेम नाकारला तर तोंडी ऐकून गप्प बसू नका. कारण लेखी मागा, आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडं लिहा, मग विमा नियामक आयआरडीएआयचं बिमा भरोसा पोर्टल नाहीतर १५५२५५ वर तक्रार नोंदवा, तरी नाही झालं तर विमा लोकपालाचं ऑफिस पुण्यात आहे, तिथं फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही, फक्त कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जायला पाहिजे.

आणि पॉलिसी काढायच्या आधी कंपनीला, एजंटला नाही, एक मेल टाका. त्यात एवढंच लिहा: "माझ्या गाडीत बेड, गॅस शेगडी, सोलर पॅनेल, लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर आणि फ्रिज बसवलेलं आहे. आरसीवरचा क्लास सोबत जोडला आहे. बिलं आणि फोटो जोडले आहेत. ही सगळी माहिती धरून प्रीमियम कळवावा आणि फिटिंग पॉलिसीवर नमूद करावं." फोटोत शेगडी, सिलिंडरची जागा आणि वायरिंगचा फ्यूज बॉक्स स्पष्ट दिसू दे. एखादी कंपनी नाही म्हणेल, दुसरीला पाठवा. पॉलिसी हातात आली की फिटिंगची यादी आणि रक्कम त्यावर छापलीय का तेवढं बघा, नसेल तर त्याच आठवड्यात एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत तशी लेखी दुरुस्ती, मागून घ्या.